गिरणीचा नफा आणि कापसाची वाट

कापडाच्या गिरणीचें नांव निघालें म्हणजे डोळ्यांपुढें उभी राहते ती उंच चिमणी, पहांटेचा भोंगा आणि हजारों चात्यांची घरघर. गिरणीची भरभराट होते कीं तिला उतरती कळा लागते, हें यंत्रांच्या गतीवर आणि कामगारांच्या हातावर अवलंबून असतें, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाहीं, पण अपुरा आहे. जाड्याभरड्या सुताच्या किंमतींत निम्म्याहून अधिक वांटा एकट्या कापसाचा असतो. तो कापूस शेतांतून गिरणीच्या दारापर्यंत कोणत्या वाटेनें आला, वाटेंत किती हातांतून गेला, त्याचें भाडें कोणीं ठरविलें, आणि तयार झालेलें सूत व कापड गिऱ्हाइकापर्यंत कसें पोहोंचलें, या प्रश्नांच्या उत्तरांत गिरणीच्या ताळेबंदाचें अर्धें रहस्य दडलेलें असतें. मुंबई, नागपूर आणि जपानांतील ओसाका या तीन शहरांच्या गिरण्यांचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहिला म्हणजे हें रहस्य उलगडूं लागतें.

मुंबईंतील पहिली कापसाची गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं काढली. कंपनीची स्थापना १८५४ सालची. ताडदेव येथील गिरणीचें काम सुरू झालें तें १८५६ सालीं. मुंबई बेटांत कापूस पिकत नव्हता, कोळशाची खाण नव्हती, आणि जागाहि स्वस्त नव्हती. तरीहि गिरण्या तेथेंच निघाल्या, याचें कारण मुंबई हें बंदर होतें. इंग्लंडहून यंत्रें आणि कोळसा जहाजानें तेथें उतरे. भांडवलदार तेथेंच होते. आणि हे भांडवलदार मूळचे व्यापारी, कापूस विलायतेस व चीनला पाठविण्यांत मुरलेले. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकाशायरला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपतांच तो भाव कोसळला व त्याबरोबर मुंबईंतील अनेक पेढ्या आणि बँका बुडाल्या. या धक्क्यांतून सावरल्यावर गिरणीधंदा जोमानें वाढला. हिंदुस्थानचा कापूस आंखूड धाग्याचा. त्याचें जाडें सूत चीनमधील हातमागांना हवें होतें. मुंबईचीं तोंडें समुद्राकडे वळलीं तीं यामुळें.

आतां वऱ्हाडांतील शेतापासून मुंबईच्या गिरणीपर्यंतची कापसाची वाट पाहावी. शेतकऱ्यानें वेंचलेल्या कपाशींत रुई असते वजनाच्या सुमारें एक तृतीयांश; बाकीची सरकी. ही कपाशी बहुधा पीक उभें असतांनाच सावकाराच्या हिशेबांत गहाण पडलेली असे. सावकाराकडून ती दलालाकडे, दलालाकडून जिनांत, जिनांतून प्रेसमध्यें, तेथून गांठी बांधून रेल्वेच्या डब्यांत, आणि शेवटीं कुलाब्याच्या बाजारांत येई. या प्रत्येक मुक्कामावर कोणीतरी आपला कट काढून घेई. कट काढण्यापुरतेंच तें राहिलें असतें तर फारसें बिघडलें नसतें. परंतु वजन वाढविण्यासाठीं कापसांत पाणी मारणें, सरकी व माती मिसळणें, चांगल्या जातींत हलकी जात घालणें हे प्रकार इतके बोकाळले कीं मुंबई सरकारला १८६३ सालीं कापसांतील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. मुंबईचा गिरणीवाला कुलाब्यास जो माल येईल त्यांतून निवडी. तो माल कोणत्या शेतांतला, कोणत्या जिनांतला, हें त्याला सहसा ठाऊक नसे.

ही अडचण जमशेटजी टाटा यांच्या नजरेस फार लवकर आली. १८३९ सालीं नवसारी येथें जन्मलेल्या जमशेटजींनीं १८६९ मध्यें चिंचपोकळी येथील एक बुडालेली तेलाची गिरणी विकत घेतली आणि तिची कापडाची गिरणी केली. दोन वर्षांत ती त्यांनीं नफ्यानें विकून टाकली व ते लँकाशायरचा धंदा डोळ्यांनीं पाहण्यासाठीं इंग्लंडला गेले. तेथून परत आल्यावर त्यांनीं जो निर्णय घेतला तो मुंबईच्या व्यापाऱ्यांना चमत्कारिक वाटला. १८७४ सालीं पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर त्यांनीं नवी कंपनी उभारली, आणि गिरणीसाठीं जागा निवडली ती नागपूरची.

या निवडीमागें स्वच्छ हिशेब होता. जी. आय. पी. रेल्वे १८६७ सालीं नागपूरला पोहोंचली होती. हिंगणघाटचा नामांकित कापूस हाकेच्या अंतरावर होता. वर्ध्याच्या खोऱ्यांत वरोऱ्यास कोळसा निघत होता. पाण्यासाठीं जुम्मा तलाव होता. नागपूर व आसपासच्या गांवांतील कोष्टी विणकर हे सुताचें हुकमी गिऱ्हाईक होतें, आणि मध्यप्रांताचा सगळा बाजार भोंवतालीं पसरलेला होता. मुंबईच्या गिरणीला तोच कापूस सुमारें ५२० मैल ओढून घाटाखालीं न्यावा लागे. आणि त्याचेंच कापड पुन्हां नागपूरच्या बाजारांत विकावयाचें तर तितकेच मैल परत वर चढवावें लागे. नागपूरच्या गिरणीला हे दोन्ही प्रवास वांचत होते. असें सांगतात कीं गिरणीसाठीं दलदलीची जमीन भरून घेण्याचें काम चाललें असतां एका मारवाडी सावकारानें पैसे देण्याचें नाकारलें. हा गृहस्थ जमिनींत सोनें पुरतो आहे असें त्याला वाटलें. पुढें गिरणी चालूं लागल्यावर त्याच सावकारानें कबूल केलें कीं या माणसानें माती घातली आणि सोनें काढलें.

१ जानेवारी १८७७ या दिवशीं, ज्या दिवशीं व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली त्याच दिवशीं, ही गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस हें नांव मिळालें. सुमारें तीस हजार चात्या आणि ४५० माग एवढा तिचा आरंभींचा पसारा होता. परंतु जागा चांगली निवडली म्हणजे सर्व कांहीं साधलें, असें झालें नाहीं. काटकसर म्हणून घेतलेलीं यंत्रें हलकीं निघालीं. नागपूरची कोरडी उष्ण हवा धागा तोडूं लागली. शेताच्या हंगामांत आणि सणावारीं कामगार गैरहजर राहूं लागले. पहिल्या वर्षांत गिरणीची कामगिरी सामान्यच होती.

या अडचणींतून गिरणीला बाहेर काढण्यांत ज्याचा मोठा वांटा होता तो मनुष्य गिरणींत वाढलेला नव्हता. बेझनजी दादाभाई मेहता हे जी. आय. पी. रेल्वेच्या मालवाहतुकीच्या खात्यांत नोकरीस होते. सूतकताईचें ज्ञान त्यांना नव्हतें. पण मालाचा डबा कोठें अडतो, कोठें रिकामा धांवतो, आणि भाड्याच्या कोष्टकांत कोठें फट आहे, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तज्ज्ञाकडे सोंपवून गिरणीच्या कारभाराची सूत्रें जमशेटजींनीं अशा रेल्वेच्या माणसाच्या हातीं द्यावीं, यांतच त्यांची दृष्टि दिसून येते. हलकीं यंत्रें काढून चांगलीं बसविण्यांत आलीं. रिंग चात्यांचा प्रयोग येथें फार लवकर झाला. हवेंत ओलावा आणणारीं साधनें बसविलीं. कपाशीचा मुलूख जवळ असल्यानें कापूस पारखून घेणें सोपें झालें आणि लबाडीला जागा कमी उरली. कामगार टिकावा म्हणून १८८६ सालीं पेन्शन फंड आणि १९०१ सालीं प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. कापूस वेळेवर आला पण चात्यांवर माणूस नसला तर कापूस गोदामांत पडून राहतो व त्यांत अडकलेल्या पैशाचें व्याज चढत राहतें, हें गणित या गिरणीला समजलें होतें.

तरीहि जवळपणाचा सगळा फायदा नागपूरला मिळाला असें नाहीं. रेल्वेच्या भाड्याचीं कोष्टकें बंदराकडे पाहून आंखलेलीं होतीं. आंतल्या मुलुखांतून मुंबई बंदराकडे जाणाऱ्या मालाला दर मैलामागें जें भाडें पडे, त्याहून अधिक भाडें आंतल्या एका शहरांतून आंतल्याच दुसऱ्या शहरास जाणाऱ्या मालाला पडे. कच्चा माल बाहेर जावा आणि विलायती कापड आंत यावें, या हेतूनें हे दर बांधले गेले आहेत, अशी तक्रार हिंदी पुढारी व कारखानदार वर्षानुवर्षें करीत राहिले. कारखान्याच्या दृष्टीनें अंतर मैलांनीं मोजलें जात नाहीं, तें रुपये-आणे-पैंनीं मोजलें जातें, हा धडा या तक्रारींतून मिळतो. नकाशावर जवळ असलेलें गांव भाड्याच्या कोष्टकांत दूर असूं शकतें.

मुंबईचें धोरण याहून वेगळें होतें. तेथें बहुतेक गिरण्यांच्या मॅनेजिंग एजंटांना कमिशन मिळे तें नफ्यावर नव्हे, तर तयार झालेल्या सुताच्या वजनावर. रत्तलामागें पाव आणा ही नेहमींची रीत. माल खपो वा न खपो, सूत कातलें गेलें कीं एजंटाचें कमिशन पदरांत पडलें. त्यामुळें चीनच्या बाजारांत मागणी आहे कीं नाहीं याची फिकीर न करतां चात्या फिरत राहत. जमशेटजींनीं नफ्यावर कमिशन घेण्याची पद्धति पत्करली तेव्हां ती अपवाद म्हणूनच गणली गेली. १८८६ सालीं त्यांनीं कुर्ल्याची बुडीत निघालेली धरमसी गिरणी विकत घेऊन तिचें नांव स्वदेशी मिल ठेवलें. जुन्या यंत्रांचें सूत चीनच्या बाजारांत नापसंत ठरलें आणि भागांचे भाव घसरले. जमशेटजींनीं स्वतःची पत व पैसा पणास लावून ती गिरणी सांवरली. नागपुरास जमलेल्या माणसांची आणि अनुभवाची मदत तेथें झाली.

याच सुमारास त्यांचें लक्ष वाटेच्या दुसऱ्या टोंकाकडे, म्हणजे जहाजांकडे, वळलें. मुंबईहून चीन व जपानकडे जाणाऱ्या सुताची आणि कापसाची वाहतूक पी. अँड ओ. ही इंग्रज कंपनी, एक ऑस्ट्रियन आणि एक इटालियन कंपनी, अशा तिघींनीं आपसांत करार करून वांटून घेतली होती. स्पर्धा नसल्यामुळें भाडें त्या ठरवतील तें. जमशेटजी १८९३ सालीं जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशीं त्यांनीं संधान बांधलें. जपानी कंपनीचीं जहाजें आणि टाटांनीं भाड्यानें घेतलेलीं इंग्रजी जहाजें मिळून मुंबई व जपान यांच्यामध्यें नवा मार्ग सुरू झाला. त्यावर पी. अँड ओ. नें भाडें एकदम खालीं आणलें, कांहीं मालाला तर जवळजवळ फुकट म्हणावें असा दर लावला, आणि जे व्यापारी टाटांच्या जहाजांना माल देणार नाहींत त्यांना सवलती देऊं केल्या. ज्या मुंबईकर व्यापाऱ्यांच्या हितासाठीं हा खटाटोप चालला होता, त्यांतीलच अनेकांनीं आजची सवलत घेतली आणि उद्यांचें स्वातंत्र्य सोडून दिलें. थोड्याच काळांत टाटांना आपलीं जहाजें परत करावीं लागलीं.

जपानी कंपनी मात्र टिकली. आणि ती कां टिकली हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जपानांतील गिरणीमालकांच्या संघानें तिच्याशीं करार केला होता कीं हिंदी कापूस आणावयाचा तो तिच्याच जहाजांतून. भाडें कितीहि घसरो, मालाची खात्री तिला होती. अखेर १८९६ सालीं जुन्या कंपन्यांना तिच्याशीं तडजोड करून तिला आपल्या मंडळांत घ्यावें लागलें. मुंबईचे व्यापारी एकेकटे होते म्हणून हरले. ओसाकाचे गिरणीवाले एकत्र होते म्हणून जिंकले.

ओसाका येथील पहिली मोठी गिरणी शिबुसावा एइइची यांच्या पुढाकारानें १८८२ सालीं स्थापन झाली आणि पुढच्या वर्षीं चालूं झाली. यंत्रें लँकाशायरचींच. जपानांत पिकणारा कापूस थोडा व महाग; म्हणून प्रथम चीनचा आणि नंतर हिंदुस्थानचा कापूस आणण्यास आरंभ झाला. १८८९ सालीं जपानी पाहणी-मंडळ हिंदुस्थानांत आलें व येथील बाजार पाहून गेलें. निहोन मेंका ही कापूस-खरेदीची कंपनी १८९२ सालीं निघाली; पुढें तोयो मेंका आणि गोशो यांचींहि नांवें वऱ्हाड-खानदेशच्या बाजारांत परिचयाचीं झालीं. या कंपन्यांचे लोक कुलाब्यास माल येण्याची वाट पाहत बसले नाहींत. ते आंतल्या मुलुखांतील जिनांपर्यंत गेले आणि हंगामांत जागेवर खरेदी करूं लागले. जपान सरकारनें १८९४ सालीं सुताच्या निर्यातीवरील आणि १८९६ सालीं कापसाच्या आयातीवरील जकात उठविली. गिरण्या दोन पाळ्यांत चालत, त्यामुळें कापसाचा सांठा लवकर फिरे. शिवाय स्वस्त हिंदी कापसांत थोडा लांब धाग्याचा अमेरिकन कापूस योग्य प्रमाणांत मिसळण्याची कला त्यांनीं इतकी साधली कीं हलक्या मालांतून चांगलें सूत निघूं लागलें. कोणत्या महिन्यांत कोणत्या देशाचा कापूस स्वस्त पडतो हें पाहून ते मिश्रण बदलीत.

येथें एक विलक्षण गोष्ट घडली. वऱ्हाडचा कापूस हजारों मैलांचा समुद्रप्रवास करून ओसाकास जाई, तेथें त्याचें कापड होई, तें कापड तितकाच प्रवास करून मुंबईस परत येई, आणि गिरणगांवाच्या दारांतच मुंबईच्या कापडाहून स्वस्त विकलें जाई. नागपूरच्या उदाहरणावरून कोणी असा सिद्धांत काढला असता कीं कापसाच्या जवळ असणें हेंच यशाचें मर्म, तर ओसाकानें तो खोटा पाडला. नागपूरनें वाट तोकडी करून जें साधलें, तें ओसाकानें लांब वाट ताब्यांत ठेवून साधलें. दोघांचें समान सूत्र एवढेंच कीं शेतापासून गिऱ्हाइकापर्यंतचा सगळा मार्ग एकाच दृष्टीनें पाहिला गेला. मुंबईच्या गिरण्यांत कापूस घेणारा वेगळा, कातणारा वेगळा, विकणारा वेगळा, आणि प्रत्येकाचें हित वेगळें.

याचे परिणाम मुंबईला भोगावे लागले. जपानचा बाजार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच गेला. पुढें चीनचाहि गेला. मुंबईला सूत सोडून कापडाकडे आणि परदेश सोडून देशांतील बाजाराकडे वळावें लागलें. पण तेथें अहमदाबाद आणि सोलापूर आधींच बसलेलीं होतीं, गिऱ्हाइकाच्या अधिक जवळ. खोपोलीचें विजेचें केंद्र १९१५ सालीं सुरू झालें आणि दुरून येणाऱ्या कोळशाची चिंता बरीच हलकी झाली. हेंहि टाटांचेंच काम, आणि तेंहि पुरवठ्याच्या वाटेचेंच काम. तरीहि १९२७ च्या टॅरिफ बोर्डाला मुंबईच्या गिरण्यांच्या अडचणींची लांब यादी करावी लागली. पुढच्याच वर्षीं गिरणगांवांत महिनोन्महिने संप चालला. कारभाराच्या वरच्या मजल्यावर झालेल्या चुकांची भरपाई पगारकपातीनें आणि कामवाढीनें खालच्या मजल्यावरून करावयाची, या प्रयत्नाचें तें फळ होतें.

शेतकऱ्याचा संबंध या इतिहासाशीं किती निकटचा आहे, हें १९३३ सालीं दिसून आलें. सरकारनें ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढवितांच जपानी गिरण्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. मुंबईच्या गिरण्यांना हवें असलेलें संरक्षण वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या गळ्यास फांस होऊन बसलें. १९३४ सालीं जो करार झाला त्यांत कापूस आणि कापड हे एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घालण्यांत आले: जपाननें वर्षास दहा लाख गांठी कापूस घ्यावा आणि साडेबत्तीस कोटी वार कापड पाठवावें, कापसाची खरेदी पंधरा लाख गांठींपर्यंत वाढली तर कापड चाळीस कोटी वारांपर्यंत वाढावें.

बाजार काय मागतो यावर शेतांतलें बीहि बदलतें. वऱ्हाडांत पूर्वीं बनी नांवाचा तलम कापूस होई. खरेदीदार लांब धाग्याला वाजवी जादा भाव देत नाहींत असें दिसतांच शेतकऱ्यानें बनी टाकून जाडा, पण अधिक पिकणारा व अधिक रुई देणारा जरी कापूस पेरला. यांत त्याचा दोष नव्हता; वाटेवरच्या साऱ्या मध्यस्थांतून जो निरोप त्याच्यापर्यंत पोहोंचला त्याप्रमाणें तो वागला. लांब धाग्याचा इजिप्शियन कापूस हिंदुस्थानांत लावावा म्हणून जमशेटजींनीं १८९६ सालीं एक टिपण प्रसिद्ध केलें होतें. सरकारनें या प्रश्नांत खरें लक्ष घातलें तें पुष्कळ उशिरां: मध्यवर्ती कापूस समिति १९२१ सालीं, कापूस-वाहतुकीचा कायदा १९२३ सालीं, जिन-प्रेसचा कायदा १९२५ सालीं. चांगल्या जातीच्या मुलुखांत हलका कापूस नेऊन मिसळण्यास या कायद्यांनीं बंधन घातलें.

एकदां बांधलेली वाट कायमची पुरत नाहीं, हेंहि या इतिहासानेंच शिकविलें. एम्प्रेस मिल शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या काळांत कापडाचा धंदा भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळला, कृत्रिम धागा आला, आणि जुन्या मोठ्या गिरण्यांची घडी मोडली. १९८२ च्या संपानंतर मुंबईंतील कित्येक गिरण्या पुन्हां उभ्या राहिल्या नाहींत. नागपूरची एम्प्रेस १९८६ सालीं टाटांच्या हातून गेली, सरकारी महामंडळाकडे आली आणि २००२ सालीं बंद झाली. कापूस तेथेंच होता, रेल्वे तेथेंच होती. बदललें होतें तें गिऱ्हाईक आणि त्याच्याकडे जाणारी वाट.

कारखान्याचें यश भिंतींच्या आंत जितकें घडतें तितकेंच भिंतींच्या बाहेर घडतें. जवळ बसावें कीं दूर, स्वतः खरेदी करावी कीं बाजारांतून घ्यावी, सांठा मोठा ठेवावा कीं लहान, या प्रश्नांना सर्व काळीं लागू पडणारें एकच उत्तर नाहीं. नागपूरचें उत्तर वेगळें होतें, ओसाकाचें वेगळें. परंतु ज्यांनीं हा प्रश्न स्वतःस विचारला ते तरले, आणि ज्यांनीं माल येतो आहे व जातो आहे एवढ्यावर समाधान मानलें, त्यांचा नफा वाटेंतच कोणीतरी उतरवून घेतला. त्या वाटेच्या आरंभीं उभा असलेला शेतकरी आणि तिच्या मध्यावर उभा असलेला कामगार यांना या हिशेबांतून वगळून जी व्यवस्था बांधली जाते, ती कांहीं काळ स्वस्त पडते. पण टिकत नाहीं.